शब्द हवा आहे : बंगालीतला 'चर'

अनुजा_क
पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांवरचा एक लांबलचक बंगाली लेख मराठीत आणतेय. घोडं अडलंय ते 'चर'पाशी. पद्मेच्या, म्हणजे तिकडच्या गंगेच्या, पात्रात गाळ साठून वर आलेली जमीन म्हणजे चर. लोक तिथे पेरतात, घरं बांधतात, आणि एखाद्या पावसाळ्यात नदी ते सगळं परत नेते. मी शब्द तसाच ठेवला, तर संपादकांचा समासात शेरा : 'माणसं चरात कशी राहतील? चर खणतात ना?' बरोबरच आहे. आपला चर म्हणजे पाणलोटाच्या कामातला, फावड्याने काढलेला. तिकडचा वर येतो, आपला खाली जातो. सुचवा काहीतरी.

कृष्णाकाठ
मळई. त्यात चर्चा कसली? आमच्या सांगलीकडे मळी म्हणतात. मळीतली वांगी खाल्ली नसतील तर लेख राहू दे, आधी ती खा.

निमिष
काका, मळी म्हटलं की मला साखर कारखान्याचा वास येतो.

भाषाव्रती
'सैकत' आणि 'पुलिन' हे नदीकाठच्या वाळूसाठीचे सुंदर तत्सम शब्द हाताशी असताना परभाषेपुढे हात पसरायची गरज काय? मराठीची अर्धी दैना या आळसापायी झाली आहे.

बालीगंजकर
भाषाव्रती, इकडे कोलकात्यात सैकत हे मुलाचं नाव आहे, हाक मारली तर दोघे-तिघे वळून बघतील.

मळई जवळची आहे, पण ती काठाला चिकटून असते. चर नदीच्या मधोमधही येतो. येतो म्हणजे बंगालीत तो 'जागतो'. भगवानगोल्याकडचा निर्मलचर घ्या. आखेरीगंजचा काठ पद्मेने खाल्ला तेव्हा घरदार गेलेली कितीतरी माणसं तिथे जाऊन राहिली. बांगलादेशची सरहद्द जवळच, त्यामुळे जाता-येता बीएसएफच्या चौकीवर ओळखपत्र दाखवायचं. घरं पत्र्याची नाहीतर पाटकाठीच्या कुडाची, वेळ आली तर सोडून नावेत घालता यावीत अशी. पूर ओसरल्यावर ओल्या गाळात उडीद नुसता फेकून देतात, नांगर लागत नाही. त्याला म्हणतात कलाई. हे सगळं 'पुलिना'वर बसवून दाखवा.

जुवेकार
अहो, जुवें आहे की! गोंयांत सांतइस्तेव्ह या बेटाला जुवेंच म्हणतात. राजापूरकडे जैतापूरच्या खाडीतही जुवे आहे. खाडीतल्या-नदीतल्या बेटाला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, हे घाटावरच्यांच्या गावीच नसतं.

बालीगंजकर
तुमचं जुवें कधी वाहून गेलंय का?

जुवेकार
देव करो आणि न जावो.

वैनगंगा
आमच्याकडे उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की ढिवर, म्हणजे मासेमार, लोक रेतीत डांगरवाडी लावतात. टरबूज, काकडी. पाऊस आला की जागा नदीची. पण डांगरवाडी हे शेतीचं नाव झालं, जमिनीचं नव्हे, म्हणून आग्रह नाही. मला विचारायचं ते हे की गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्यामुळे तिथली नदी जास्त काठ खायला लागली, हे खरं का?

बालीगंजकर
लोक तसंच म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. फरक्का सुरू झालं १९७५ साली. गंगेचं पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्याने भागीरथीत, म्हणजे कोलकात्याकडे जाणाऱ्या तिच्या फाट्यात, सोडायचं आणि कोलकाता बंदरातला गाळ धुऊन काढायचा, असा बेत. बंधाऱ्याच्या वर माल्दा जिल्ह्यात डावा काठ तुटतोय, खाली मुर्शिदाबादेत उजवा. पण धुलियनचा काठ त्याआधीही तुटतच होता, सगळं खापर फरक्क्यावर फोडू नये.

अनुजाताई, लेखात 'शिकस्ती-पयस्ती' आलं असेल. नदीने खाल्लेली जमीन शिकस्ती, नव्याने लागलेली पयस्ती. इंग्रजांनी १८२५ साली यावर कायदाच केला. काठाला हळूहळू भर पडली तर ती काठच्या मालकाची. मोठ्या नदीच्या मधे चर वर आला आणि काठ आणि चर यांच्या मधलं पाणी पायी ओलांडता येत नसेल, तर तो सरकारचा. पाणी किती खोल, यावर खटले आणि लाठ्याकाठ्या.

अनुजा_क
आलंय! मी 'बुडीत' आणि 'लागीर' असं काहीतरी केलं होतं, ते रातोरात खोडते.

निमिष
म्हणजे 'प्रयत्नांची शिकस्त' यातली शिकस्त तीच? फारसीत मोडणं, हार. आपण मोडेपर्यंत प्रयत्न करतो, असं असावं.

भाषाव्रती
म्हणूनच 'पराकाष्ठा' म्हणावे.

रघूजीनगर
मुर्शिदाबादचा विषय निघाला आणि अजून कुणी बर्गी काढले नाहीत? बंगाल्यांनी मराठा स्वारांना दिलेलं नाव, तो आपला बारगीर. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, स्वतःचा असेल तो शिलेदार. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांची फौज थेट मुर्शिदाबादेत शिरली, जगत्‌शेठांची सावकारी पेढी लुटली. अभिमान वाटतो.

बालीगंजकर
लुटीचा? इथे अजून पोरांना झोपवताना अंगाईत बर्गी येतात, आणि प्रेमाने येत नाहीत. गावंच्या गावं भागीरथी ओलांडून पूर्वेला पळाली. नदीच्या पश्चिमेला राढ, पूर्वेला बागडी. पाऊस पडला, पाणी चढलं की घोडी अडायची, म्हणून पूर्वेला थोडा निवारा.

रघूजीनगर
चौथाईचा हक्क होता. आणि १७४४ साली भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांना मानकरा गावी बोलणीसाठी बोलावून बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ठार मारलं, ते विसरू नका.

बालीगंजकर
विसरलो नाही. नुसत्या हक्काने कुणाची झोपडी जळत नाही, एवढंच म्हणतो.

कृष्णाकाठ
मंडळी, पुढं चला. मळई लिहा म्हणतो मी अजून.

वैनगंगा
बालीगंजकर, ती पाटकाठी म्हणजे काय? कालव्याच्या काठची कसली काठी?

बालीगंजकर
नाही हो, बंगालीत पाट म्हणजे ताग. पाण्यात कुजवून साल सोलली की उरते ती पांढरी काडी. कुडाला, चुलीला, सगळ्याला तीच.

निमिष
बाप रे. 'पाटाचं पाणी' बंगाल्याने वाचलं तर?

बालीगंजकर
कुजका वास येईल. श्रावण-भाद्रपदात इथे त्याचाच येतो.

अनुजा_क
मी तूर्त 'चर' ठेवलाय आणि पहिल्या उल्लेखाला 'म्हणजे गाळबेट' जोडलंय. चालेल का?

भाषाव्रती
'गाळबेट' वाचून गाळाने भरलेले बेट वाटते. शिवाय दोन्ही शब्द तुटक.

जुवेकार
आणि 'पाट' आमच्याकडे तळ्यालाही म्हणतात बरं का. वेंगुर्ल्याजवळ पाट-परुळ्याला जाऊन बघा.

कृष्णाकाठ
बसायचा पाट राहिलाच की.