मदत हवी आहे : वडिलांना घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरातील छोट्या तळ्यावर गरवायला जायचे आहे

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त मी ॲबर्डीनला राहतो. मेअखेरीस आईवडील गुहागरहून आमच्याकडे राहायला येत आहेत. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, पण रोजचे चालणे चालू आहे आणि गुडघ्यांची तक्रार नाही. दाभोळच्या खाडीत बांबूच्या काठीने गरवणे हा त्यांचा जन्माचा छंद. गरीला कोळंबी शेपटीकडून कशी ओवायची, शिंगाळ्याचा काटा हाताला न लागू देता तो गरीवरून कसा सोडवायचा, हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो. त्यामुळे या भेटीत त्यांना किल्ले आणि दुकाने दाखवण्यापेक्षा एखाद्या डोंगरातल्या तळ्यावर दिवसभर मनसोक्त गरवता यावे, अशी माझी फार इच्छा आहे.

मला स्कॉटलंडच्या वायव्येकडील आसिंट भागातील इंचनाडॅम्फ गावाजवळचे गिलारू लॉख (लॉख म्हणजे तळे) मनात भरले आहे. ॲबर्डीनहून इन्व्हरनेस, अलापूल, लेडमोर असा सुमारे 300 किलोमीटरचा रस्ता आहे, आणि गाडी ठेवल्यावर ट्रालिगिल ओढ्याच्या खोऱ्यातून तासा-दीड तासाची चढण आहे. आतापर्यंत मी जे वाचले त्यानुसार इंग्लंडसारखा सरकारी रॉड परवाना (काठीने गरवण्याचा परवाना) स्कॉटलंडमध्ये लागत नाही, मात्र ज्याच्या मालकीची मासेमारी आहे त्याची परवानगी घ्यावीच लागते. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने डोंगरात हिंडण्याचा आणि जबाबदारीने तंबू टाकण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण मासे पकडणे त्या हक्कात येत नाही. ब्राउन ट्राउट या गोड्या पाण्यातील माशाचा हंगाम 15 मार्च ते 6 ऑक्टोबर असतो, तेव्हा तारखांची अडचण नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, जून आणि जुलै या दोन महिन्यांपैकी कोणता काळ निवडावा. वडिलांना गांडूळ किंवा कोळंबी लावून, प्रसंगी नुसत्या हातदोरीने, गरवता येईल का. आणि ज्यांनी कृत्रिम माशी (गरीला पिसे-दोरा बांधून केलेले किड्यासारखे आमिष) कधी हातात धरलेली नाही अशा माणसाला या वयात ती पद्धत थोड्या दिवसांत जमू शकेल का? तळे निवडण्यातच माझी चूक होत असेल तर तेही निःसंकोच सांगावे.

प्रतिसाद

तळ्याची निवड उत्तम आहे, आणि ती का उत्तम आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आसिंटमध्ये तळ्यांना तोटा नाही, पण बहुतेकांच्या तळाशी नाइस हा अतिशय जुना, कठीण खडक आणि वर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, काळी दलदल आहे. असे पाणी आम्लधर्मी असते, त्यात माशांना खाद्य कमी मिळते, म्हणून तिथला ट्राउट चपळ असला तरी बहुधा तळहाताएवढाच भरतो. इंचनाडॅम्फच्या परिसरात मात्र चुनखडीचा पट्टा आहे. चुन्याच्या पाण्यात गोगलगाई आणि किडे भरपूर वाढतात, आणि ते खाऊन मासाही चांगला पोसतो. गोगलगाईंवर जगणाऱ्या, जाड पोटाच्या ट्राउटला आयर्लंडमध्ये गिलारू म्हणतात, आणि त्यावरूनच या तळ्याला हे नाव पडले आहे. मासे मोजके मिळतील, पण मिळतील ते बघण्यासारखे असतील. वडिलांना सतत हालचाल आवडत असेल तर मात्र नाइसवरचे एखादे तळे बरे, कारण तिथे लहान मासे दिवसभर माशीवर झेपावत राहतात.

काळ विचाराल तर जूनचा पहिला आठवडा धरा आणि जुलै टाळा. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत तिथली चिलटे, ज्यांना इकडे मिज म्हणतात, वारा पडला की माणसाला उभे राहू देत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत त्यांचा जोर कमी असतो आणि रात्री दहानंतरही चांगला उजेड असतो. तरीही डोक्यावरून घ्यायची जाळी प्रत्येकाजवळ हवी, आणि संध्याकाळी पायांवर गोचीड चिकटली आहे का ते नीट तपासावे, कारण तिच्यामुळे लाइम रोग होतो.

हातदोरीचा विचार सोडून द्यावा. स्कॉटलंडच्या गोड्या पाण्यात एक काठी आणि एक दोर एवढीच पद्धत कायद्याला मान्य आहे. गांडुळाला कायद्याची सरसकट बंदी नाही, पण डोंगरातल्या अनेक तळ्यांचे परवाने केवळ कृत्रिम माशीसाठीच दिले जातात, म्हणून परवाना घेताना तो नियम आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात हे विचारून घ्या.

माशी फेकायला जमेल का, याबद्दल मला एक वेगळेच सुचवायचे आहे. इकडे डॅपिंग नावाची जुनी पद्धत आहे. तिच्यात चार-पाच मीटर लांबीची काठी उभी धरतात, तिला रेशमासारखा हलका दोर असतो, आणि पाठीमागून येणारा वारा तो दोर फुगवून पुढे नेतो, त्यामुळे टोकाची माशी पाण्याला टेकत-उचलत नाचत राहते. फेकण्याचे कसब त्यात लागतच नाही. लागते ते काठीचे टोक स्थिर ठेवणे आणि मासा लागल्यावर घाई न करणे, आणि बांबूच्या काठीने आयुष्यभर गरवलेल्या माणसाला हे दोन्ही शिकवावे लागणार नाही. ही पद्धत मुख्यतः होडीतून वापरतात, पण वारा पाठीशी येईल असा काठ निवडला तर जमिनीवरूनही साधते. तुम्ही स्वतः साधी फ्लाय रॉड, तरंगणारा दोर आणि ब्लॅक पेनेल, बिबिओ अशा बारा-चौदा नंबरच्या माश्या घेऊन जा. दोर फेकण्याचा सराव माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून बागेतल्या गवतावर करता येतो.

मोबाइलच्या भरवशावर राहू नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा 15 क्रमांकाचा नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवा. मुक्कामाचा तंबू खालीच ठेवावा, वडिलांना वर थंडीत रात्र काढायला लावू नये. आणि दुसऱ्या पाण्यात वापरलेले बूट, मासे काढायची जाळी पूर्ण वाळवल्याशिवाय या तळ्यात घालू नका.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. डॅपिंगबद्दल मी प्रथमच ऐकले, आणि वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी लगेच दोर किती जाडीचा असतो हे विचारले. जूनचा पहिला आठवडा नक्की करतो आणि परवान्यासाठी उद्याच फोन करतो. लांब काठी विकत घेण्याऐवजी इन्व्हरनेस किंवा अलापूलकडे भाड्याने मिळत असेल तर कृपया कळवावे.