मदत हवी आहे: बास्केटबॉलमधला थ्रो-इन, रेषेलगतची भिंत आणि पंचांचा निर्णय

पाणीवाला काका

मंडळी, इथे बास्केटबॉल खेळलेलं किंवा पंचगिरी केलेलं कोणी असेल तर जरा मदत करा. पुतणी सोळा वर्षांखालच्या मुलींच्या संघात आहे. जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेला तिच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून गेलो होतो. मॅनेजर म्हणजे बाटल्या भरणारा आणि जन्मदाखल्यांची फाइल सांभाळणारा माणूस. खेळ थोडाफार कळतो, नियमांचं पुस्तक मात्र कधी उघडलेलं नाही.

कोर्ट सिमेंटचा, उघड्यावरचा. एका बाजूला साइडलाइनच्या अगदी जवळून कंपाउंडची भिंत जाते. रेषा आणि भिंत यांच्यामध्ये एक मुलगी जेमतेम उभी राहते. चौथ्या क्वार्टरचं शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) आमचा, नेमका त्या भिंतीपाशी, आमच्याच अर्ध्या भागात. समोरची उंच डिफेंडर आमच्या मुलीच्या तोंडावर येऊन उभी राहिली. दोन्ही हात रेषेच्या पलीकडे, जवळजवळ भिंतीला टेकलेले. पास द्यायला वाव नाही म्हणून आमची मुलगी आधी डावीकडे सरकली, मग उजवीकडे आणि शिट्टी वाजली. बॉल त्यांना. त्यांनी बास्केट केली, आम्ही हरलो.

समोरच्या बेंचवरून ‘पाय उचलला, ट्रॅव्हलिंग!’ (म्हणजे बॉल धरून नियमाबाहेर पाय हलवला) असा ओरडा चालू होता. पंच आमच्या कोचना म्हणाले, ‘जागा सोडली.’ डिफेंडरच्या हातांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, ‘ते माझं जज्जमेंट आहे.’

म्हणून प्रश्न. थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूने पाय हलवायचाच नाही का? हात रेषेपलीकडे गेलेले चालतात का? भिंत असेल तर काही वेगळा नियम आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातलं पंचांच्या मर्जीवर नक्की किती? तक्रार करायची नाहीये, स्पर्धा संपली. पण मुली विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

जुनी शिट्टी

काका, बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे थोडं लांबतंय. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम चालतात, त्यांच्याच आधारे सांगतो.

ट्रॅव्हलिंगचं आधी निकालात काढू. बॉल हातात घेऊन कोर्टच्या आत उभ्या असलेल्या खेळाडूलाच ट्रॅव्हलिंग लागतं. थ्रो-इन घेणारी बाहेर असते. तिला पिव्हट पाय (जागेवरच रोवून ठेवायचा पाय) नसतो. ती उडी मारेल, जागच्या जागी नाचेल, पायांची अदलाबदल करेल. हा गैरसमज बेंचवर आणि प्रेक्षकांत इतका मुरलाय की कधीकधी पंचही त्या ओरड्याला बळी पडतात.

तिला बंधन आहे ते बाजूला सरकण्याचं. पंचांनी दाखवलेल्या जागेपासून दोन्ही दिशा मिळून एकूण एक मीटरपेक्षा जास्त सरकता येत नाही. ‘एकूण’ हे लक्षात ठेवा. डावीकडे पाऊण आणि मग उजवीकडे पाऊण गेलात तर हिशेब संपला. मागे मात्र जागा असेल तितकं जाता येतं. तुमच्याकडे भिंत असल्यामुळे ती वाटच बंद होती. शिवाय बॉल ताब्यात आल्यापासून पाच सेकंदांत सोडायचा. हेही लक्षात घ्या की समोरच्या संघाने बास्केट केल्यावर एंडलाइनमागून (बास्केटमागच्या रेषेबाहेरून) जो थ्रो-इन होतो, त्याला एक मीटरची अट नाही. तिथे पळताही येतं आणि रेषेमागे उभ्या सहकाऱ्याला पासही देता येतो. मुली टीव्हीवर ते बघतात आणि सगळीकडे चालतं असं धरून चालतात.

आता डिफेंडर. बॉल रेषा ओलांडून आत येईपर्यंत इतर कोणत्याही खेळाडूच्या शरीराचा कुठलाही भाग रेषेपलीकडे जाऊ नये. हातसुद्धा नाही. आणि तुमच्या भिंतीबद्दल पुस्तकात सरळ लिहिलंय: रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा नसेल तर थ्रो-इन घेणाऱ्यापासून इतरांनी किमान एक मीटर लांब राहायचं. म्हणजे तुमच्या मुलीला थोडी मोकळीक मिळायलाच हवी होती.

पुढचं आणखी महत्त्वाचं. चौथ्या क्वार्टरची किंवा जादा वेळेची शेवटची दोन मिनिटं असतील तर पंचाने थ्रो-इन देतानाच डिफेंडरला रेषा न ओलांडण्याची खूण करायची असते. तीच इशारावजा सूचना. त्यानंतर तिने अडवायला हात पलीकडे घातला किंवा अपुऱ्या जागेत एक मीटरच्या आत आली, तर टेक्निकल फाउल (शरीरसंपर्काशिवायचा फाउल). एक फ्री थ्रो आणि बॉल परत तुमच्याकडेच. एरवी, म्हणजे दोन मिनिटांच्या आधी, पहिल्यांदा ताकीद आणि पुन्हा केलं तर टेक्निकल.

एडिसनकर

थोडं अवांतर. माझा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलकडून खेळतो. इथे थ्रो-इन घेणाऱ्याने बॉल धरलेला हात रेषेच्या आत आणला तर डिफेंडर तो बॉल धरू शकतो, नियमाने चालतं. गेल्या सुट्टीत पुण्यात भाच्याबरोबर खेळताना यावरून जुंपली होती. भारतात चालत नाही का?

जुनी शिट्टी

@एडिसनकर, नाही चालत. तुमच्याकडच्या शाळांचे नियम वेगळे. फिबाच्या अर्थनिर्णयानुसार हात आणि बॉल आत आले तरी डिफेंडरने त्या हातातल्या बॉलला शिवायचं नाही. शिवला तर खेळ लांबवल्याबद्दल ताकीद, आणि ती त्या खेळाडूपुरती नसून संघाच्या उरलेल्या सगळ्या सामन्याला लागू. पुन्हा तसंच झालं तर टेक्निकल होऊ शकतो. यूट्यूबवरच्या अमेरिकन क्लिप बघून वाद घालणारे कोच मी भरपूर पाहिलेत.

कट्ट्यावरचा संशयी

हे सगळं पुस्तकात ठीक आहे हो. पण हरल्यावर प्रत्येकाला पंचच दिसतो. मुलगी दोनदा सरकली हे काका स्वतःच सांगतायत. एक मीटर झाला की नाही, टेप लावून कोण बघणार? शेवटी पंच म्हणेल तेच खरं ना? मग नियम वाचून उपयोग काय?

जुनी शिट्टी

उपयोग आहे. जज्जमेंट हा शब्द कशालाही ढाल म्हणून धरता येत नाही. तिने एक मीटर ओलांडला का, डिफेंडरचा हात खरंच पलीकडे होता का, पाच सेकंद झाले का, हे पंचाने बघायचं. पाच सेकंदांसाठी कुठलं घड्याळ नसतं, पंचाच्या हाताच्या हालचालीवरच मोजणी चालते. आधी काय घडलं, डिफेंडरचं अतिक्रमण की मुलीचं सरकणं, हाही त्यानेच ठरवायचा मुद्दा. आणि काकांच्या बाबतीत मला तोच कळीचा वाटतो. डिफेंडरने आधी अतिक्रमण केलं असेल तर शिट्टी तिथेच वाजायला हवी होती, पुढचं सरकणं मग घडलंच नसतं. मैदानावर मी नव्हतो, त्यामुळे याहून जास्त बोलणार नाही.

पण भिंतीपाशी दोन मीटर जागा आहे की नाही, यात जज्जमेंट कसलं? ती मोजता येते. शेवटच्या दोन मिनिटांतली खूण करणं हेही पंचाच्या मर्जीवर नाही. ‘पलीकडे गेलेला हात मला दिसला नाही’ हे मान्य. ‘हात गेला तरी चालतो’ हे मात्र चूक, आणि ते नम्रपणे दाखवून देता येतं. बॉल डेड आणि घड्याळ थांबलेलं असताना कॅप्टन पंचांशी सभ्यपणे बोलू शकते.

सामन्यानंतरच्या प्रोटेस्टचा, म्हणजे अधिकृत तक्रारीचा, मात्र इथे उपयोग नव्हता. तो स्कोअर किंवा वेळेच्या नोंदीतली चूक, सामना रद्द करणं किंवा न खेळवणं यासारखे निर्णय आणि खेळाडूंची पात्रता एवढ्यापुरताच. मैदानावरच्या अशा शिट्टीवर नाही.

पाणीवाला काका

खूप धन्यवाद! आमच्या कोचनी टाइम-आउट राखून ठेवला होता, पण घेतला नाही. घेतला असता तर फरक पडला असता का?

जुनी शिट्टी

बहुतेक पडला असता. शेवटच्या दोन मिनिटांत, बॉल तुमचा आणि थ्रो-इन तुमच्या अर्ध्या भागात असताना टाइम-आउट घेतला, तर पुढचा थ्रो-इन तिथूनच घ्यायचा की समोरच्या भागातल्या थ्रो-इन रेषेवरून, हे कोच ठरवतात. ती छोटी रेष स्कोअररच्या टेबलाच्या समोरच्या साइडलाइनला, एंडलाइनपासून ८.३२५ मीटरवर आखलेली असते. तुमची भिंत टेबलाच्या बाजूला होती का?

पाणीवाला काका

नाही ना. टेबलासमोरच! म्हणजे ती रेषही भिंतीपाशीच येणार.

जुनी शिट्टी

मग पुढे सरकता आलं असतं, पण भिंतीची अडचण तीच राहिली असती. अशा कोर्टवर सामना सुरू व्हायच्या आधीच कोचनी दोन्ही पंचांना भिंतीपाशी न्यावं आणि विचारावं, ‘सर, इथे दोन मीटर नाहीत, डिफेंडरला एक मीटर मागे ठेवणार ना?’ समोरच्या कोचलाही तेव्हाच बोलवा. पंच चांगला असेल तर खडूने एक खूण करून देईल. मी स्वतः तसंच करायचो.