फायटर माशाने अन्न सोडले, तर उपवास घडवावा की जिवंत खाद्य द्यावे?

धागाकर्ती (पुणे)
आमच्याकडे पाच महिन्यांपासून निळा नर फायटर, म्हणजे बेट्टा मासा आहे. गेले सहा दिवस त्याने काहीही खाल्लेले नाही. दाणा टाकला की तो वर येतो, तोंडात घेतो, क्षणभर धरतो आणि थुंकून टाकतो. दाणा तळाशी टेकेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतो आणि मग पुन्हा बदामाच्या वाळक्या पानाखाली जाऊन बसतो. पोट किंचित फुगलेले आहे, पण खवले अंगालगत आहेत, त्यामुळे जलोदराची शंका नाही. टँक २० लिटरचा असून त्यात स्पंज फिल्टर आहे. हीटर आजवर नव्हता. काल पहाटे थर्मामीटर लावला, तेव्हा पाणी १९ अंशांवर होते.

हा मासा थायलंडच्या उष्ण, संथ पाण्यातला आहे आणि त्याला २५ ते २८ अंश तापमान लागते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, आणि अशा वेळी आपण काळजीपोटी टाकत राहिलेले खाद्य एक तर पोटात अडकते, नाही तर तळाशी कुजते. त्याचे जठर अगदी लहान असते. म्हणून दोन-तीन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे आणि हीटर लावून पाणी दिवसाला दोन अंशांप्रमाणे हळूहळू उबदार करावे, असे माझे ठाम मत आहे. जिवंत खाद्य, पोट साफ व्हावे म्हणून दिला जाणारा मटार किंवा औषध यांपैकी काहीही त्याआधी देऊ नये. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी कृपया कारणासह लिहावे.

प्रतिसाद (डोंबिवली)
ताई, मला हे पटत नाही. जो सहा दिवस उपाशीच आहे, त्याला आणखी तीन दिवस उपाशी ठेवण्याला उपचार कसे म्हणायचे? थायलंडने २०१९ मध्ये ज्याला राष्ट्रीय जलचर घोषित केले, तो हा मासा मुळात भातखाचरांत किडे आणि डासांच्या अळ्या टिपून जगणारा आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या फायटर पाळणारे लोक त्याला अळ्याच घालतात. दाणा हलत नाही. अळी वळवळते, आणि ती हालचाल पाहूनच त्याची भूक चाळवते. माझ्या लाल फायटरने दुकानातून आणल्यावर आठ दिवस दाण्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, पण गच्चीवरच्या बादलीतल्या चार अळ्या सोडल्या, तेव्हा मिनिटभरात त्या संपल्या. शिवाय पोट आत गेलेल्या, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणाऱ्या माशाला आतड्यात जंत असण्याची शक्यता असते. अशा माशाला उपवास घडवला, तर तो हकनाक जाईल. ‘आधी उपवास’ हा सरसकट नियम म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

प्रतिसाद (नाशिक)
अळ्यांचा गुण मान्य आहे, पण डेंग्यूच्या दिवसांत घरात बादलीभर अळ्या वाढवण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये. एक दिवस दुर्लक्ष झाले की त्याच अळ्यांचे डास होतात. डॅफ्निया (गोड्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) मिळाल्यास तो द्यावा, त्याने पोटही साफ होते. मटाराबाबत ताईंशी सहमत आहे. मांसाहारी माशाला मटार कशासाठी?

प्रतिसाद (सांगली)
आपण सगळेच पोटाचा विचार करत आहात, पाण्याचा कोणीच करत नाही. खाद्य कुजून पाण्यात तयार होणारा विषारी अमोनिया मोजला आहे का? सहा दिवस थुंकलेले दाणे तळाशी पडले असतील, तर तो वाढलेला असणार, आणि अमोनियाने कल्ले पोळलेला मासा अळीही खाणार नाही. ताईंच्या उपायातला धोका इथेच आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग किती, हे सामू (पीएच) आणि तापमान यांवर ठरते. सामू ८ असेल, तर १९ अंशांवर जितका भाग विषारी असतो, त्याच्या सुमारे पावणेदोनपट २७ अंशांवर असतो. म्हणजे घाण पाणी तसेच ठेवून हीटर लावला, तर आपण त्या जिवाला मदत करत नाही, त्याच्याभोवतीचे विष वाढवतो. आधी तळ साफ करावा, पाव भाग पाणी बदलावे आणि मगच हीटर लावावा. हा क्रम चुकू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

धागाकर्ती (पुणे)
सांगलीकरांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता आणि तो पूर्ण बरोबर ठरला. किटने मोजल्यावर अमोनिया ०.५ पीपीएम निघाला. तो शून्य असायला हवा होता. तीन दिवस रोज पाव भाग पाणी बदलले, प्रत्येक वेळी अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे द्रावण) घालून आणि पाण्याची ऊब जुळवून. अमोनिया शून्यावर आल्यावर हीटर लावला आणि चार दिवसांत पाणी २६ अंशांवर आणले. तोवर खाद्य बंदच ठेवले होते. मग बाटलीत खारे पाणी करून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) अंडी उबवली. दीड दिवसाने नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्ले पोहू लागली. ती गाळून गोड्या पाण्यात धुतली आणि ड्रॉपरने त्याच्यासमोर सोडली. तो आधी एका डोळ्याने, मग वळून दुसऱ्या डोळ्याने पाहत राहिला आणि नंतर एकेक करत त्याने ती टिपली. दुसऱ्या दिवशी दोन भिजवलेले दाणे खाल्ले, आणि थुंकले नाहीत.

प्रतिसाद (डोंबिवली)
वाचून फार बरे वाटले. पण ताई, पहिला घास जिवंत खाद्याचाच होता, हे आपण मान्य करावे. तो पहिल्याच दिवशी दिला असता, तर त्याचे इतके दिवस उपासमारीत गेले नसते.

धागाकर्ती (पुणे)
पहिला घास जिवंत खाद्याचा होता, हे मान्य आहे; पहिल्याच दिवशी तो द्यायला हवा होता, हे मात्र मान्य नाही. १९ अंशांच्या पाण्यात, फुगलेल्या पोटावर मी त्याला काहीही भरवले नसते, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी भरवणार नाही. आज सकाळी पानाखाली त्याची विष्ठा दिसली, गडद तपकिरी आणि घट्ट. पोटही उतरले आहे. उद्या दोनच दाणे देणार आहे.