वडिलांची व्हेराक्रिप्टमधली फाईल उघडायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, गावभागातली. बाबा फेब्रुवारीत अचानक गेले. त्यांच्या हार्ड डिस्कवर 'शिदोरी' नावाची एकच फाईल आहे, ४० जीबीची. लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट, म्हणजे फाईलला पासवर्डचं कुलूप लावणारा प्रोग्राम, सापडला, त्यामुळे ती त्यातलीच असणार.

आत काय आहे ते मला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत छातीभर पाणी होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची वही त्यात भिजली. बाबांनी एकेक पान पंख्याखाली सुकवून फोटो काढले. शाई फुटलेल्या ओळी आत्याला फोनवर म्हणायला लावून टाइप केल्या. वहीला पुढे बुरशी लागली, टाकावी लागली. आता आत्याही नाही. त्या ओव्या दुसरीकडे कुठेच नाहीत.

पासवर्ड लिहिलेला नाही. पण डायरीत लाइटबिल, गॅस यांचे आहेत आणि ते सगळे एकाच वळणाचे: गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत, ॲटचं चिन्ह, मग एखादं साल. गावं अंकलखोप, भिलवडी, औदुंबर. हाताने साठ-सत्तर जोड्या लावून पाहिल्या. एकही लागली नाही.

एक दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, डिस्क तरी वापरता येईल." दुसऱ्याने डिस्क ठेवून जा म्हटलं. मी ठेवली नाही.

फार वेळा चुकलं तर फाईल कायमची बंद होते का? आणि या जोड्या कॉम्प्युटरकडून लावून घेता येतात का?

प्रतिसाद:
ताई, कितीही वेळा चुकलात तरी फाईल बंद पडत नाही. पण आधी तिची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि पुढचं सगळं कॉपीवरच करा. जोड्या लावायला हॅशकॅट नावाचा पासवर्ड शोधणारा प्रोग्राम आहे. त्याला फाईलचे फक्त पहिले ५१२ बाइट लागतात. तेवढेच कुणाला दिले तर पासवर्ड शोधता येतो, आतल्या ओव्या मात्र त्याला दिसत नाहीत. डिस्क हातची सोडू नका.

आंधळेपणाने शोधून हे कुलूप उघडणार नाही. प्रत्येक पासवर्डामागे लाखो वेळा गणित होतं, म्हणून तर तुम्हाला दर वेळी थांबावं लागतं. तुमच्याकडे वळण आहे, त्यामुळे यादी काही हजारांचीच होईल. स्पेलिंग निरनिराळी घाला, पहिलं अक्षर मोठं आणि लहान, दोन्ही घाला. एक अडचण येऊ शकते: बाबांनी पासवर्डसोबत किल्ली म्हणून एखादा फोटो किंवा गाणं जोडलं असेल, तर तीच फाईल जशीच्या तशी लागेल. लॅपटॉप, पेनड्राइव्ह, मोबाइल, कशातलंही काही पुसू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार. भाऊ उद्या तो लॅपटॉप साफ करून पुतण्याला देणार होता, आत्ताच फोन करून थांबवलं. कॉपी चालू आहे. आजीचं माहेर आष्टा, ते माझ्या यादीत नव्हतंच. सालं आजीच्या जन्मापासून, म्हणजे १९३१ पासून घेऊ का?