मदत हवी आहे: थ्रॉटल मागे घेतला की मिक्श्चरही मागे येतं आणि इंजिन बंद पडतं

रनवे२७
तीन आठवडे खपून घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनच्या लीव्हरचा संच) बनवला आहे. लीव्हर तीन: थ्रॉटल (इंजिनची ताकद), प्रॉप (पंख्याचा वेग, निळा) आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण, लाल; पूर्ण मागे ओढला की इंजिन बंद). टेकऑफ व्यवस्थित होतं, क्रूझही व्यवस्थित. उतरताना मात्र फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर) थ्रॉटल मागे घेतला की स्क्रीनवरचा लाल लीव्हरही त्याच्याबरोबर मागे येतो आणि धावपट्टीच्या अलीकडेच इंजिन बंद. दर वेळी! कालपासून अकरा वेळा उतरायचा प्रयत्न केला, अकराही वेळा हेच. डेडझोन वाढवून पाहिला, कर्व्ह बदलला, कॅलिब्रेशन चार वेळा केलं. कोणाला नक्की माहीत असेल तर लगेच सांगा. आणि कृपया ‘रेडीमेड घ्या’ असं सांगू नका, स्वतः बनवायचं हे ठरवूनच सुरुवात केली आहे.

सोल्डरगन
एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. सिम्युलेटर कोणता? विमान कोणतं? बोर्ड कोणता, पॉट (लीव्हरसोबत फिरून व्होल्टेज बदलणारे पोटेंशिओमीटर) किती किलो-ओहमचे, वायरिंग कसं केलंय? आणि सगळ्यात आधी हे बघा, की विंडोजच्या गेम कंट्रोलर पॅनेलमध्येही असंच होतं की फक्त सिममध्ये? तिथेही होत असेल तर सिमची सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

सिमवेडा
शंभर टक्के डबल बाइंडिंग, म्हणजे एकच काम दोन उपकरणांना जोडलेलं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नवीन उपकरण दिसलं की स्वतःहून एक प्रोफाइल लावतो. तुमच्या जुन्या जॉयस्टिकचा स्लायडर मिक्श्चरला जोडलेला असणार. सगळी उपकरणं एकेक करून उघडा आणि मिक्श्चर अॅक्सिस (लीव्हरच्या हालचालीची जोडणी) नको तिथून पुसून टाका. माझं नवीन योक (विमानाचं सुकाणू) लावल्यावर रडर असाच आपोआप वळायचा, दोन दिवस गेले होते शोधण्यात.

निळाई
तुम्ही नको म्हणालात हे वाचलं, तरी लिहिते. मी दोन वर्षं स्वतः बनवण्यात घालवली आणि शेवटी हनीकोम ब्राव्हो हा रेडीमेड क्वाड्रंट घेतला. लीव्हर बदलता येतात. एक इंजिन, दोन इंजिनं, जेट, हवं तसं लावा. ट्रिमचं चाक, फ्लॅपचा खटका, गिअरचा लीव्हर सगळं एकाच ठिकाणी. त्या दिवसापासून वेळ उडण्यात जातो, दुरुस्तीत नाही. विचार करा एवढंच.

चुंबक
पॉट वापरले असतील तर हे आज ना उद्या होणारच होतं. आतला कार्बनचा पट्टा झिजतो, धूळ बसते, आकडे नाचायला लागतात. हॉल सेन्सर (चुंबकाची दिशा ओळखणारा) लावा. एएस५६०० चिप घ्या, लीव्हरच्या आसाच्या टोकाला चुंबक चिकटवा, कुठेच घर्षण नाही. पूर्ण फेरीत ४०९६ पायऱ्या मिळतात. पॉट साधारण ३०० अंश फिरतो आणि तुमचा लीव्हर फिरत असेल ६० अंश, म्हणजे पॉटचा पाचवा हिस्साच कामाला येतो. १०२४ पैकी जेमतेम २०० पायऱ्या. कॅलिब्रेशनने त्या ताणल्या की दोन-तीन पायऱ्यांचा गोंधळसुद्धा एक टक्क्याच्या वर जातो.

खटका
@चुंबक, गणित बरोबर आहे, पण त्यांचा प्रश्न आकडे नाचण्याचा नाहीच. एक लीव्हर हलवल्यावर दुसरा हलतो, असं ते म्हणतायत. पॉट झिजल्याने तसं होत नाही. शिवाय एएस५६०० चा पत्ता ठरलेला असतो, तीन चिपा एकाच आय-टू-सी तारेवर (चिपा बोर्डशी बोलतात ती सामाईक जोडणी) लावता येत नाहीत. हे आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस तीन चिपा आणून अडकतो.

चुंबक
@खटका, त्या चिपेला अॅनालॉग आउटपुटही आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा कोन ठरवून दिला की ६० अंशांतच पूर्ण व्होल्टेज मिळतं. पत्त्याचा संबंधच येत नाही. मी चार वर्षांपूर्वी रडर पेडलला लावली आहे, तेव्हापासून एकदाही उघडावी लागलेली नाही.

खटका
माझे दहा किलो-ओहमचे लिनिअर पॉट सहा वर्षं चालू आहेत. चांगल्या प्रतीचे घेतले आणि तारा आखूड ठेवल्या की काही होत नाही. नवशिक्याला पहिल्याच कामात चुंबकाचं अंतर आणि कोन जुळवायला लावणं मला पटत नाही.

रनवे२७
अहो, हॉल सेन्सर की पॉट हा माझा प्रश्न नाही. मिक्श्चर का हलतं?
@सोल्डरगन, एमएसएफएस २०२०. विमान पायपर अॅरो. बोर्ड प्रो मायक्रो, पॉट बी१०के, म्हणजे दहा किलो-ओहमचे. विंडोजमध्ये बघितलंय, थ्रॉटल हलवल्यावर पट्टी हलते, तिथे सगळं ठीक आहे.
@सिमवेडा, जॉयस्टिक लागणारच ना, त्याशिवाय उडवणार कसं? तिचा स्लायडर मी पहिल्याच दिवशी पुसला आहे. आत्ता पुन्हा तपासलं, मिक्श्चर एकाच ठिकाणी आहे.

सिमवेडा
मग जॉयस्टिक काढूनच पाहा. पुसलेलं प्रोफाइल सेव्ह झालं नसेल, असं बऱ्याचदा होतं.

रनवे२७
काढून पाहिली. क्वाड्रंट एकटाच जोडला. तेच.

तिसरा_मॉनिटर
पायपर अॅरो म्हणजे छान निवड. पण क्वाड्रंटच्या आधी हेड ट्रॅकिंग लावा, असं मी सगळ्यांना सांगतो. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या टप्प्यावर, वळताना धावपट्टी डाव्या खांद्याच्या मागे असते. माउसने कॅमेरा फिरवत वळलात तर अंतराचा अंदाज कधीच येत नाही. साध्या वेबकॅमवर ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर चालतं. लीव्हर कितीही खरे बनवा, मान वळवता आली नाही तर उतरणं खरं वाटणार नाही.

गरुडपंख
अवांतर: लीव्हरवरून आठवलं. एअरबस ए३२० मध्ये ऑटोथ्रस्ट (इंजिनची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना लीव्हर जागचे हलत नाहीत, सीएलच्या (क्लाइम्बच्या) खाचेत बसून राहतात. म्हणून घरच्या साध्या क्वाड्रंटवर ए३२० सर्वांत जवळचं वाटतं. बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल लीव्हर स्वतः हलवतो, त्यामुळे घरी मोटर नसेल तर ऑटोथ्रॉटल सोडताना हातातला लीव्हर एकीकडे आणि स्क्रीनवरचा दुसरीकडे. त्यावर उपाय काय करता सगळे?

निळाई
@गरुडपंख, सोडायच्या आधी स्क्रीनवरचा लीव्हर बघून हातातला तिथवर आणून ठेवायचा. सवय होते. पण यासाठी वेगळा धागा काढा ना, चांगला विषय आहे.

सोल्डरगन
@रनवे२७, ‘पट्टी हलते’ म्हणजे कोणती पट्टी? विंडोजच्या पॅनेलमध्ये तीन अॅक्सिस दिसायला हवेत. थ्रॉटल हलवताना बाकीच्या दोघांकडे बघितलंत का? आणि दुसरं, बोर्डवर कोणता लीव्हर कोणत्या पिनला आहे आणि प्रोग्रॅममध्ये तुम्ही ते कोणत्या क्रमाने वाचता?

उजवी_सीट
मी प्रशिक्षणात आहे, सध्या पायपरच उडवते. इलेक्ट्रॉनिक्स मला येत नाही, म्हणून उडण्याच्या बाजूने विचारते. तुम्ही मिक्श्चरचा लीव्हर उड्डाणात हलवता का? म्हणजे क्रूझमध्ये लीन करता (इंधन कमी)? उतरण्याआधी रिच करता (इंधन जास्त)? की सुरुवातीला पुढे ढकलून सोडून देता? कारण टेकऑफला थ्रॉटल पूर्ण पुढे असतो आणि मिक्श्चरही पूर्ण पुढे. क्रूझलाही थ्रॉटल बराच पुढे असतो. मिक्श्चर पूर्ण वेळ थ्रॉटलच्याच मागे चालत असेल तरी तुम्हाला ते फायनलपर्यंत कळणार नाही.

रनवे२७
@उजवी_सीट, मी खाली दोन हजार फुटांवर सर्किटच मारतो, लीन करायची वेळच येत नाही. मिक्श्चर पुढे ठेवतो, बस.
@सोल्डरगन, ए० ला थ्रॉटल, ए१ ला मिक्श्चर, ए२ ला प्रॉप. वाचतोही त्याच क्रमाने. याचा काय संबंध?

सोल्डरगन
खूप संबंध आहे. उजवी_सीट यांनी नेमकं बोट ठेवलंय. आता सिम बंद करा. फक्त विंडोजचं पॅनेल उघडा. थ्रॉटल अर्ध्यावर ठेवा, त्याला हात लावू नका आणि फक्त मिक्श्चरचा लीव्हर मागे-पुढे करा. काय होतं ते लिहा.

रनवे२७
काहीच होत नाही. मिक्श्चरची पट्टी जागची हलत नाही. थ्रॉटल हलवला की दोन्ही पट्ट्या हलतात, जवळजवळ बरोबरीने. प्रॉप ठीक आहे. म्हणजे मिक्श्चर कधी चालतच नव्हतं?

सोल्डरगन
बरोबर. टेकऑफ नीट होत होतं ते थ्रॉटलच्या आकड्यावर.
कारण सांगतो. या चिपेत अॅनालॉग मोजणारा भाग एकच आहे. तो आळीपाळीने एकेका पिनकडे वळतो. मोजताना पिनवरचं व्होल्टेज आतल्या एका अगदी लहान कपॅसिटरवर घेतलं जातं. पिनला पॉट नीट जोडलेला असेल तर तो कपॅसिटर लगेच नव्या व्होल्टेजवर येतो. पिन मोकळीच असेल, तर आधीच्या पिनचा चार्ज त्यावर तसाच राहतो आणि वाचन जवळपास आधीच्या पिनचंच येतं. तुमच्याकडे मिक्श्चरच्या आधी थ्रॉटल वाचला जातो, म्हणून मिक्श्चर थ्रॉटलची नक्कल करतं. म्हणजे ए१ पिनपर्यंत मिक्श्चरच्या पॉटचा मधला पाय पोचतच नाहीये. तार तुटली असेल, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका.
मल्टीमीटर लावा. ग्राउंड आणि पॉटचा मधला पाय यांच्यात लीव्हर हलवून व्होल्टेज बघा, शून्यापासून पाचाच्या दिशेने सरळ वाढायला हवं. तुमच्या लीव्हरचा पल्ला कमी असेल तर मधल्याच आकड्यांत वाढेल, चालेल. मग तेच थेट बोर्डच्या ए१ पिनवर बघा. पॉटवर बरोबर आणि पिनवर नाही, तर दोष मधल्या तारेत.

खटका
+१. हेच मी म्हणणार होतो, पण इतकं नीट नसतं सांगता आलं. एक भर, मीटर लावण्याआधी क्वाड्रंट यूएसबीवर जोडलेला ठेवा, पण मीटरचं टोक घसरून पाच व्होल्ट आणि ग्राउंड एकत्र टेकवू नका.

चुंबक
हॉल सेन्सरलाही तार असतेच, त्यामुळे इथे माझा उपाय लागू नव्हता. मान्य आहे. पल्ल्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, तो पुढे त्रास देईल.

मदतनीस_०७
विंडोज अपडेट करून पाहिलंत का? आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी बंद करणारी सेटिंग) बंद करा. माझा क्वाड्रंट उड्डाणात मध्येच डिस्कनेक्ट व्हायचा, त्याने थांबलं.

रनवे२७
सापडलं! पॉटच्या मधल्या पायावर व्होल्टेज लीव्हरसोबत व्यवस्थित बदलत होतं, ए१ वर भलतंच काहीतरी. बोर्डजवळची तार हलकेच ओढली आणि ती सरळ हातात आली. सोल्डर तारेवर नुसतं बसलं होतं, पिनला धरलंच नव्हतं. पिन नीट गरम करून पुन्हा लावलं, आता तिन्ही पट्ट्या आपापल्या लीव्हरने हलतात. एक सर्किट मारलं, थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन उतरलो, टॅक्सी करून पार्किंगला आलो आणि मिक्श्चर मागे ओढून इंजिन स्वतःच्या हाताने बंद केलं. सोल्डरगन, उजवी_सीट, दोघांचे मनापासून आभार. वैतागून उत्तरं दिली त्याबद्दल सगळ्यांनी माफ करा.

उजवी_सीट
खूप बरं वाटलं. एक विनंती, आता तीनही लीव्हर चालतायत तर उतरण्याआधीची तपासणी हाताने करा. इंधन, गिअर, मिक्श्चर, प्रॉप. निळा आणि लाल लीव्हर हाताने पुढे ढकलून खात्री करायची, नुसतं बघून नाही. हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर दोष पहिल्याच सर्किटमध्ये लक्षात आला असता. आणि कधी आठ-नऊ हजार फुटांवर जाऊन लीन करून पाहा, आरपीएम आणि एग्झॉस्टचं तापमान बघत. त्याच लीव्हरचा खरा उपयोग तिथे कळतो.

सोल्डरगन
तार बोर्डच्या शेजारी झिप टायने पक्की बांधा. लीव्हर हलला की ओढ थेट सोल्डरवर येता कामा नये, नाहीतर महिनाभरात पुन्हा सुटेल. बाकीच्या आठ तारांनाही एकदा हलकेच ओढून बघा.

रनवे२७
ओढून पाहिल्या, प्रॉपची ग्राउंडची एक सैल निघाली, तीही केली. आता शेवटचं विचारतो. लीव्हर सोडला की स्वतःच्या वजनाने मागे पडतो. खऱ्या पायपरमध्ये बाजूला घर्षण कमी-जास्त करायची मूठ असते ना, तसं काही करता येईल?

खटका
करता येईल. लीव्हरच्या दोन्ही बाजूंना फेल्टची चकती, बाहेरून स्टीलचा वॉशर आणि शेवटी आत नायलॉनची कडी असलेला लॉकनट, तो आपोआप सैल होत नाही. नट आवळला की लीव्हर जड, सैल केला की हलका. फेल्टला तेल किंवा ग्रीस लावू नका. तुमचा आसाचा बोल्ट किती जाडीचा आहे, आणि तिन्ही लीव्हर एकाच बोल्टवर आहेत का? एकाच असतील तर मधल्या लीव्हरसाठी वेगळी चकती लागेल, नाहीतर थ्रॉटल हलवल्यावर मिक्श्चर खरोखरच सोबत ओढलं जाईल.

रनवे२७
आठ मिलिमीटर, आणि हो, तिघेही एकाच बोल्टवर. फोटो टाकतो.