प्रतिसाद: पाणीपट्टीवाढ टक्क्यांत सांगू नका

पाणीपट्टीची वाढ किती टक्के ते छापलं की पुरे, लोक तसेही ओरडणारच, असं या चर्चेत वर कोणी लिहिलंय ते पटलं नाही. लोक टक्क्यांना ओरडतात, कारण हातात तेवढंच दिलेलं असतं. मुंबईत 2022 साली 7.12 टक्के वाढ झाली तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बोर्डावर नुसता टक्का लिहिला आणि संध्याकाळपर्यंत जिन्यात 'पाणी डबल होणार' सुरू! मग खडूने हिशेब मांडला. हजार लिटरला सहाच्या जरा आत रुपये होते, आता साधारण 42 पैसे जास्त. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चौघांच्या घराला महिन्याला साधारण 16 हजार लिटर, म्हणजे वाढ सात रुपयांच्या आतबाहेर. तळमजल्याच्या काकू वाचून म्हणाल्या, "एवढंच? मग मिटिंग कशाला बोलावलीत?"

पण खरी गोम पुढे आहे, आणि ती इथे कोणीच काढलेली नाही. मुंबईत मलनिःसारण आकार, म्हणजे सांडपाणी वाहून नेण्याचे पैसे, पाणीपट्टीच्या 70 टक्के असतो, म्हणजे पाण्याचा दर वाढला की तोही आपोआप वाढतो. त्या सातचे बारा होतात. मी ही ओळ फळ्यावर लिहायची विसरलो आणि बिल आल्यावर त्याच काकूंनी मला लिफ्टपाशी गाठलं. पाच रुपयांसाठी नव्हे हो, 'आधी का नाही सांगितलंत' म्हणून. पुढच्या वर्षीपासून फळ्यावर दोन्ही आकडे, जुन्या बिलाशेजारी नवं.