कितीही दमवले तरी पिल्लू शांत होत नाही, उलट अधिकच चेकाळते

निद्रानाश (प्रश्न)

आमच्याकडे साडेचार महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू आहे. दिवसभर ते बरे वागते, परंतु संध्याकाळचे सात वाजले की त्याच्या अंगात वारे शिरते. शेपटी पोटाखाली घालून, पाठीची कमान करून ते या खोलीतून त्या खोलीत सुसाट धावते आणि वाटेत जो सापडेल त्याच्या पायजम्याचा काठ दातांत धरून गुरगुरत ओढते. अंगातली रग जिरावी म्हणून गेले पंधरा दिवस आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास चेंडू फेकत आहोत. ते धापा टाकते, पण आडवे काही होत नाही आणि घरात आल्यावर पूर्वीपेक्षा जोरात चावते. रागावले तर उलट भुंकते. सात वर्षांची मुलगी आता संध्याकाळभर पाय वर घेऊन खुर्चीत बसते. याला आणखी दमवावे, की आमचे मुळातच काही चुकत आहे?

पायाशी_मुटकुळे

आणखी दमवू नका. चेंडूमागे धावताना पिल्लाला पाठलागाची चटक लागते, प्रत्येक फेकीबरोबर उत्तेजना चढत जाते आणि चेंडू कपाटात गेला तरी ती लगेच उतरत नाही. शिवाय रोजच्या पळण्याने त्याचा दमही वाढतो. आज अर्ध्या तासात जे धापा टाकते, त्याला महिन्याभराने एक तासही पुरणार नाही.

माझा पहिला प्रश्न झोपेविषयी आहे. या वयाची पिल्ले दिवसाच्या 24 तासांपैकी सुमारे 18 तास झोपतात, काही त्याहूनही जास्त. लग्नघरात झोपेला आलेले लहान मूल जसे डोळे चोळत किंचाळत पळत सुटते आणि ‘मला झोप नाही आली’ असे ओरडून सांगते, तसेच पिल्लाचे होते. आपण त्याला मस्ती समजतो, पण बहुतेक वेळा तो थकवा असतो. तीन दिवस वही घेऊन ते कधी उठले आणि कधी झोपले एवढेच लिहा. सलग एक-दीड तासापेक्षा जास्त ते जागे राहत असेल, तर वादळ सुरू होण्याच्या तासभर आधीच त्याला शू करवून आणून अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात झोपवा. तो कोपरा शिक्षेची जागा मात्र होऊ देऊ नका.

जुनी_सतरंजी

झोपेचे वरचे म्हणणे योग्यच आहे, परंतु जागेपणी शांत बसणे हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळले. आपण पिल्लाकडे लक्ष देतो ते ते उपद्व्याप करते तेव्हा. गुपचूप पडलेले असले की ‘बरे झाले, शांत आहे’ म्हणून आपण चोरपावलांनी निघून जातो. म्हणजे शांत राहण्यातून त्याला काहीच मिळत नाही. माझा नियम असा, की उड्या मारताना पूर्ण दुर्लक्ष आणि शांत असताना मोबदला.

त्यासाठी एक सतरंजी जमिनीवर टाकावी, जवळ बसावे आणि काहीही न सांगता वाट पाहावी. पिल्लू आधी सावधपणे बसते, मागचे दोन्ही पाय पोटाखाली, केव्हाही उठण्याच्या तयारीत. मग कधीतरी ते एका कुशीवर कलते आणि मागचे पाय एका बाजूला पसरतात. पुढे हनुवटी जमिनीला टेकते आणि नाकातून एक लांब सुस्कारा येतो. अशा प्रत्येक पायरीला खाऊचा एक दाणा पुढच्या दोन पंजांच्या मध्ये, जमिनीवर, हळूच ठेवावा. हातातून भरवला तर ते मान वर करते. मी सुरुवातीला उत्साहाने ‘शाब्बास!’ म्हणत असे आणि त्या एका शब्दासरशी ते टुणकन उठून माझ्या तोंडापर्यंत उडी घेत असे, म्हणून तोंड बंद ठेवणे हाच या शिकवणीतला माझ्यासाठी सर्वांत अवघड भाग ठरला. दाणे रोजच्या जेवणातूनच वेगळे काढावेत.

काही दिवसांनी पिल्लू तुमच्याकडे डोळे लावून मुद्दाम कलंडू लागेल. ते नाटक आहे हे उघड असते, पण नाटक करता करता खरेच डोळे मिटू लागतात, तेव्हा चालू द्यावे. मग व्यत्यय आणावेत: आपण उभे राहणे, एक पाऊल मागे जाणे, हळू टाळी वाजवणे, दारावर टकटक करणे. पशुवर्तनतज्ज्ञ कॅरेन ओव्हरॉल यांनी याच धर्तीवर 15 दिवसांचा क्रम आखून दिलेला आहे. पिल्लू उठलेच, तर आपली पायरी फार उंच झाली असे समजून खाली यावे.

दाताखाली_चप्पल

सतरंजीची पद्धत उत्तम आहे, परंतु ‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याशी मी सहमत नाही. उडीकडे दुर्लक्ष करता येते. पायजमा दातांत असताना करता येत नाही, कारण कापड ओढण्यातच पिल्लाला मजा येते, तुमच्या लक्षाची त्याला गरजच नसते. सात वर्षांच्या मुलीकडून तर ही अपेक्षा ठेवूच नये. दारात कमरेइतके फाटक लावा आणि दात लागताच, न बोलता, अर्ध्या मिनिटासाठी माणसांनीच पलीकडे जावे. पिल्लाला उचलून कोंडण्यापेक्षा हे बरे, कारण उचलतानाच झटापट होते.

साडेचार महिने म्हणजे दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येण्याचा काळ. हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे चावण्याची गरज खरी असते. ओल्या फडक्याला पीळ देऊन, ते गोठवून तुमच्या नजरेसमोर चघळायला द्या. चेंडूऐवजी गवतात जेवणाचे दाणे विखरून हुंगत हुंगत शोधू द्या. नाकाचे काम पिल्लाला निववते. हा चेकाळलेपणा अचानक सुरू झाला असेल किंवा सोबत अंग खाजवणे, पातळ शी असे काही असेल, तर पशुवैद्यांना दाखवावे.

निद्रानाश

बारा दिवसांनी लिहीत आहे. वहीने आम्हालाच खजील केले: दुपारी दोनला मुलगी शाळेतून आली की पिल्लू उठत असे ते थेट रात्री नऊपर्यंत जागे. आता ते साडेपाचला झोपते. पहिले तीन दिवस दहा-दहा मिनिटे कुरकुरले, चौथ्या दिवशी स्वतःच कोपऱ्यात गेले. सातचे वादळ अजून येते, पण पाच मिनिटांत ओसरते. सतरंजीचे काम मुलीने घेतले आहे आणि दाणा ठेवताना ती श्वाससुद्धा रोखून धरते. पाहुणे आले की मात्र सगळे शिकलेले पाण्यात.

जुनी_सतरंजी

पाहुणे ही वरच्या वर्गातली परीक्षा आहे, ती इतक्यात घेऊ नका. आधी घरच्याच माणसाने बाहेर जाऊन घंटा वाजवावी आणि आत येऊच नये. अशा पोकळ घंटा दिवसातून चार-पाच झाल्या की तिचा अर्थ पुसट होतो. तोवर खरे पाहुणे आले की पिल्लू फाटकापलीकडे, चघळायला काहीतरी देऊन ठेवावे. सहाव्या-सातव्या महिन्यात ते वयात येऊ लागले की आलेले धडेही विसरल्यासारखे करेल; तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसासारखे सतरंजीजवळ नुसते बसावे.